खोली २१४, डंडी

मंगळवार, सकाळचे नऊ, बाहेर अजून काळोख.
मॅक्‌फेल बाई खडू न उचलता
दार पूर्ण उघडतात
आणि सोडून देतात.

दार येतं, चौकटीपाशी दबकतं,
आवाज न करता मिटतं.
"हे आजचं समीकरण."
वरच्या नळकांड्यातलं तेल
पातळ असतं तर हेलकावलं असतं,
घट्ट असतं तर अर्धा तास
टे नदीचा वारा आत.

मी उतरवून घेते.
दोन वेळा संकलन, दोन स्थिरांक.
सुरुवात सांगितल्याशिवाय
सुटत नाहीत ते.

साताऱ्यात बाबांनी जाताना
आपटलेलं दार:
टी बरोबर अकरा वर्षं,
कडी अजून वाजते.
याला तेल किती, बाई?
विचारत नाही.

उशिरा आलेला कॅलम, भिजलेला,
दोन्ही हातांनी जपून लावतो
ते दार,
जे आपलं आपण लागलं असतं.