टोपणाएवढी जागा

ताम्पेरेत तीनलाच अंधारतं.
साइनी तांब्याच्या तारेला
आणखी एक मुरड घालते:
लांबी वीतभर हवी,
जागा टोपणाएवढी.

रिकामी नळी लगेच ओळख देते.
रक्त भरलं की मुकी.
पाणी लहरी पिऊन टाकतं,
ढेकरही देत नाही.

मागच्या फेब्रुवारीत एक लेबल
फ्रीझरमध्ये गळून पडलं.
ओस्मो कार्व्हिनेनला परत बोलावलं. शीर सापडेना.
चौथ्या टोचणीला तो हळूच म्हणाला,
"दिलं होतं की मी."

एक मिलिमीटर काप. पुन्हा मोज.
एकोणिसावी मुरड.
उणे ऐंशीतून काढलेली नळी,
अंगावर दंव,
आणि यंत्रावर, मागच्या बाकावरून यावं तसं
पुसट: हजर.

साइनी कॉफी ओतते, पीत नाही.
शेजारची नळी
अजून गप्पच.