कोरं पाणी

पहिले दोन यात्रेतले.
बोरीच्या पात्रात, पाळण्यांच्या पलीकडे,
मृण्मयीने टाकलेली रिंग नेमकी बसली
आणि साबणदाणी सोडून तिने पिशवी मागितली,
फुगलेली, आत दोन सोनेरी मासे.

घरी लोणच्याची बरणी रिकामी होती.
तीनदा घासली, तरी मेथीचा वास राहिला असावा.
नळाचं पाणी थेट ओतलं, वर पोळीचा चुरा.
मंगळवारी एक उलटा झाला, बुधवारी दुसरा.
गुलबक्षीखाली पुरले. मृण्मयी जेवली नाही.
मी दोन ब्लाउज पुरे केले, द्यायचे होते.

मग रुबाब तडवीच्या दुकानात भांडायला गेले.
मासे त्याचे नव्हते. पण भांडायला कोणीतरी लागतं.
तो जाळीने कुजकी पानं काढत होता.
मान वर न करता म्हणाला,
"पाणी किती दिवसांचं होतं?"
म्हटलं, पाण्याला काय वय असतं?
"ताई, तुम्ही शिवता ना?
कोरं कापड तसंच कात्रीखाली घेता?"

नाही घेत.
रात्रभर भिजवते, सावलीत वाळवते,
आटायचं तेवढं आटू देते. मग खडू.

त्या दिवशी त्याने मला मासे विकले नाहीत.
काच विकली. अठरा, बारा, बारा, इंचात.
आणि आपल्या टाकीतला एक मळका स्पंज दिला,
ओल्या फडक्यात गुंडाळून,
शेजारीण विरजण देते तसा.

आमच्याकडे नळ चौथ्या दिवशी.
आणि मशीनशेजारी चाळीस लिटर पाणी,
दिवा लावलेलं, बुडबुडे सोडलेलं,
त्यात कोणी नाही.
भास्करराव ड्रम मोजत. बोलत नसत.
माप द्यायला आलेली बाई वाकून बघायची,
"मासा कोठे शेतस व माय?"
येतील, म्हणायचे, ओठांत टाचण्या धरून.
रोज चिमूटभर खाणं टाकायचे, कोणालाच नाही.

पाचव्या दिवशी पाणी ताकासारखं.
विसाव्याला काचेवर तपकिरी साय.
एकदा रागाने सगळं ओतून द्यायला निघाले,
टब आणला, परत ठेवला.
मग एका सकाळी
पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर
पाण्यातून वाचता आलं, भरणीच्या तारखेसकट.

सहा गप्पी आणल्या.
हिवतापवाला हौदात सोडतो त्याच.
फुकटचे मासे विकत घेतले म्हणून नणंद हसली.
पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची होती.
अर्धा तास मृण्मयी स्टुलावर,
आणि मी मशीनवर, पाय पायट्यावर,
चाक मात्र जागच्या जागी.

पुन्हा वैशाख. पंचेचाळीस.
वीज जाते ती सांगून जात नाही.
बर्फाची बाटली, काचेला ओलं फडकं,
आणि तांब्या. भरायचा, उंचावरून सोडायचा,
पाण्यात हवा कालवत राहायचं.
रात्री अडीचला मला जाग आली ती त्याच आवाजाने.
अंधारात भास्करराव, बनियनवर, हातात तांब्या.
"झोप तू. उद्या लग्नाचे ब्लाउज आहेत तुझे."

आठवड्याला काढलेलं पिवळट पाणी
मी तेलाच्या डब्यातल्या वांग्याला घालते.
भरताची वांगी, हिरवी, तुळतुळीत.
ते गल्लीत वांग्यांबद्दल सांगतात.
माशांचा विषय निघाला की ड्रमकडे बघतात.

यंदाही रिंगवाला आला होता.
मृण्मयीने पैसे घेतले, भज्यांवर खर्चले.

सकाळी मोजते. पाच.
चष्मा लावून मोजते. पाच.
मग पानामागून सहावी निघते, पोट रिकामं,
आणि वाळूजवळ, टाचणीच्या डोक्याएवढे
दोन डोळे,
बाकीचं अंग अजून पाण्याचंच.