शेवंतीचं पोट

सकाळपासून दुकानाच्या काउंटरवर
एकोणीस माणसांना जळजळीच्या गोळ्या दिल्या,
आणि घरी आले तर
शेवंतीनं चंदी पुन्हा तशीच ठेवलेली.
गूळ चाटलेला, हरभरा सोडलेला,
बादलीच्या काठाशी दात खात उभी.

तंग आवळायला इस्रारनं हात लावला
की कान मागे, मान वळवून
हवेलाच चावा.
अण्णा म्हणाले, माजलीय.
चार दिवसांनी म्हणाले, दृष्ट लागलीय.
आठव्या दिवशी काहीच म्हणाले नाहीत,
तेव्हा मी फोन केला.

सबनीस डॉक्टरीणबाई स्कूटरवरून आल्या,
पारसिकच्या पायथ्याशी, आमच्या पत्र्याच्या पागेत.
हिरड्या पाहिल्या, कुशीला कान लावला बराच वेळ,
लीद बोटांनी फोडून बघितली.
"पोटात व्रण असावेत. असावेत, म्हणतेय मी.
पाहायचे तर तीन मीटर लांब दुर्बीण लागते,
ती कळव्यात कुणाकडे नाही,
आणि हिला टेम्पोत घालून लांब न्यायची
म्हणजे आहेत ते आणखी चिघळवायचे.
औषध सुरू करू. उतार पडला
तर तेच होतं असं समजू."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला
सात वर्षं आम्लाची औषधं विकूनही ठाऊक नव्हतं:
माणसाचं पोट बरंचसं जेवणाची वाट पाहतं.
घोड्याचं पाहत नाही.
ते पाझरतच राहतं, रात्रंदिवस,
तोंडात गवत असो नसो.
आणि घोड्याला ओकता येत नाही.

मी मनात वराती मोजल्या.
चार वाजता झूल आणि कलगी, पाचला रस्त्यावर,
नवरदेव चढणार नऊला.
पोट रिकामं असलं की रस्त्यात घाण करत नाही,
हा अण्णांचा नियम, त्यांच्या बाबांचा नियम,
कोपरीपासून खारेगावपर्यंत सगळ्या घोडेवाल्यांचा.
डीजेच्या भिंतीसमोर तासन्‌तास
ती स्वतःलाच थोडी थोडी खात उभी.

"पायासाठी काही देता का?" बाईंनी विचारलं.
अण्णा पत्र्याकडे पाहत राहिले,
इस्रार नालांकडे.
मग अण्णांनीच खुंटीवरची पुडी काढून दिली,
दुखणं मारायची पांढरी पूड,
तुळशीच्या लग्नापासून रोज, गुळातून,
लंगडू नये म्हणून, सुपारी जाऊ नये म्हणून.
ती आमच्या दुकानातली नव्हती,
एवढंच मला बरं वाटलं,
आणि लगेच त्याची लाज.

पूड बंद.
पेस्ट पहाटे, अनशापोटी, जिभेच्या मागे,
मग तासाभरानं गवत.
मी हिशेब मांडून ठेवला होता:
साडेतीनशे किलोची घोडी,
माणसांच्या कॅप्सूल लागतील दिवसाला सत्तर.
बाई हसल्या. "ही पागा आहे, दुकान नाही.
मी देतेय तेच द्या."
बाहेर काढण्याआधी लसूणघासाच्या दोन मुठी,
दाणा निम्मा,
आणि पुढ्यात गवत नाही
अशी वेळच येऊ द्यायची नाही.

विटाव्याच्या हिराजी कोळ्यानं
जुनं जाळं दिलं, बारीक आसाचं.
"खाडीत टाकून आता काढू काय, पिशव्या?"
त्यात गवत भरून टांगलं.
ती एकेक काडी ओढते,
गळाला लागलेल्या मासोळीसारखी.

पहिला आठवडा काहीच नाही.
दोन सुपाऱ्या परत केल्या.
अण्णा जेवताना माझ्याशी बोलेनात.

अकराव्या रात्री उठून पाहते
तर अण्णा पागेत, पालथ्या बादलीवर,
शेजारी चहा, त्यांचा नेहमीचा, उपाशीपोटी,
जाळ्यातल्या काड्या सोडवून तिला देतायत.

"चंदी खाल्ली?"
"निम्मी."

मग बऱ्याच वेळानं, माझ्याकडे न बघता:
"बाबांनी शिकवलं तेच केलं गं मी."

शेवंतीनं मोठी जांभई दिली.
जांभई चांगली की वाईट,
ते बाईंना विचारायचं राहून गेलं.