निरंक

आरंभीची शिल्लक, आवक, विक्री, घट, अखेरची शिल्लक.
पाच रकाने, किलोलिटरमध्ये,
दर महिन्याच्या सात तारखेच्या आत.
बॅलार्ड इस्टेटला तिसऱ्या मजल्यावर
मी त्यांची बेरीज करते.

बेरीज जुळत नाही कधी.
जुळली तर साहेब चष्मा काढतात :
कुणीतरी घरी बसून भरलंय.

माहुलच्या टाकीवरून सुटलेला टँकर
वडाळ्याला पोचेतो थोडा हलका होतो.
ऊन पितं, नळी पिते, आणखी कोण कोण पितं
ते विचारायला रकाना नाही.
सगळ्यांना मिळून एकच शब्द, घट.
माझ्या बहिणीचं घर माहुलला.
ती म्हणते, तुमच्याकडे घटतं ना,
ते आमच्याकडे जमा होतं.
पडद्यांना हुंगून बघ.

कधी कधी पडताळणीला जावं लागतं.
रे रोडच्या पंपावर कुरियन
पितळी दांडा टाकीत सोडतो, वर काढतो,
ओली रेघ अंगठ्याने धरून ठेवतो
आणि ओरडतो, लिवा बाई, उडते!
मी लिहीपर्यंत रेघ बोटभर खाली.
हवा भरणारा पोरगा विचारतो,
मॅडम, आज कुठला आकडा?
त्याला वाटतं, मी मटक्याची.

पण मला सांगायचंय ते पेवेकरांचं.
अब्दुल गनी पेवेकर, शिवडी, रॉकेल किरकोळ.
कोटा बंद होऊन सहा वर्षं झाली,
यादीतून नाव काढायचं कुणाला सुचलं नाही,
आणि नमुना येत राहिला.
निळी शाई, पाच रकाने,
पाच वेळा निरंक,
शेवटच्या क-ला लांब शेपूट.
शेऱ्यात मात्र काहीबाही :
पत्रा गळतो.
मुलगा कुवेतला, तेलाच्याच कंपनीत.
आज खाडीवर रोहित उतरले, पुष्कळ.
शेरा संगणकात चढत नाही.
मी वाचायची आणि फाइल लावायची.

जुलैला आला नाही.
नियम असा :
उत्तर न आल्यास मागचा आकडा धरावा.
मी धरला. पाच वेळा निरंक, त्यांच्या नावाने.
ऑगस्टला पुन्हा.
सप्टेंबरला बोटं कळफलकावर नुसती थांबली,
आणि मी शिवडीला गेले.

दुकान अर्धं उघडं.
पिंपात कढीपत्ता लावलेला,
खिळ्याला लांब दांड्याचं लिटरचं माप
अजून शिक्क्यासकट.
म्हातारा खाटेवर, उजवा हात मांडीवर
दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.
त्यांनी एकच विचारलं :
माझा कागद नाही आला, तर हिशेब अडला का?

अडला नव्हता.
सहाशे बेचाळीस जणांत एक निरंक
असला काय, नसला काय.
अडला, मी म्हटलं. तीन महिने अडलाय.
त्यांच्या डोळ्यांत काहीतरी सरळ बसलं.

मग म्हणाले, तुम्ही लिहा, मी सांगतो.
आणि खाटेखालून बाटली काढवली सुनेकडून.
अर्धा लिटर, निळसर, घट्ट बुचाची.
सहा वर्षं ही लिहिली नव्हती, बाई.
चोरी नाही. ठेव आहे, लाइट गेली तर.
आता खरं तेच लिहा.

शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य पाच.
यंत्र तीन घरांपुढे जात नाही.
त्याने पाचाला वर ढकललं
आणि शिवडीच्या शिलकीत
पूर्ण एक लिटर चढला.

बेरीज दिल्लीला गेली.
वरचा अर्धा लिटर कुठून आला,
अजून कुणी विचारलेलं नाही.