रुपयातली कॅसेट

कुंभार गल्लीत, मूर्तींच्या दोन कारखान्यांमधल्या बोळात
इलाही शिकलगारचं दुकान होतं.
तीन टीव्ही, एक टेबलफॅन,
आणि खिळ्याला टांगलेलं घड्याळ,
ज्याच्यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

अर्ध्या तासाला दोन रुपये.
मारामारीच्या कॅसेटला रांग,
फुटबॉलच्या कॅसेटला पेठांची भांडणं.
माझ्या मुठीत एकच रुपया, घामानं ओला.
इलाहीनं खोक्याच्या तळातून एक काढली,
लेबल सोललेलं,
त्यावरच्या पाणमांजराला तोंड होतं, शेपूट नव्हती.
"ही घे. हिला कुत्रं विचारत नाही. रुपयात खेळ."

कुठल्याशा कार्टून पिक्चरवरनं काढलेला गेम.
तो पिक्चर कोल्हापुरात कधी लागलाच नाही,
त्यामुळं गोष्ट काय ते मीच ठरवलं होतं:
आई पाण्याखाली कुठंतरी आहे.

ना बंदूक, ना लाथ.
तांबडं बटण पोहायला, पांढरं शिट्टीला.
(तांबडं आणि पांढरं. आपल्या गावात अजून काय लागतं?)
शिट्टी मारली की काळोखात एक पायरी उजळायची,
दोन मोजेपर्यंत, मग परत काळोख.
दिग्या सुतार मागं उभा राहून बघायचा.
"ह्यात मारायचं कुणाला?"
"कुणालाच नाही."
"मग खेळायचं कशाला, भावा?"
मला सांगता आलं नाही.
अजून येत नाही.

चौथ्या मजल्यावर पाणी चढायचं.
सात बुडबुडे, तेवढाच श्वास.
पाणमांजराबरोबर मीही धरायचो.
इलाही पाठीत थाप मारायचा,
"श्वास घे की रं, मरशील इथंच, तुझ्या बापाला काय सांगू?"

लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर
खुणांचा पासवर्ड:
मासा, मासा, चंद्र, शिंपला.
शाळेच्या डायरीत लिहिला होता,
बाईंनी तो चित्रकला समजून सोडून दिला.

एका रविवारी गेम संपला.
पडदा काळा झाला. मी हात काढून घेतले.
आणि एक शिट्टी वाजली,
मी न दाबलेली.
लांबून आल्यासारखी, जराशी जाड.
मग कुणाकुणाची नावं वर सरकू लागली.
मागं वळून बघितलं तर इलाही पंख्याची वायर गुंडाळत होता.
दिग्याही त्या दिवशी आला नव्हता.

पिक्चर मी चाळिशीत बघितला, मोबाइलवर.
आई सुरुवातीपासून घरीच आहे.
भरपूर गाणी आहेत.
शिट्टी कुठंच नाही.
म्हणजे ती कुणीतरी नंतर घातली,
कुठल्यातरी कचेरीत, रात्रपाळीला,
ज्याला पिक्चर पुरला नसावा.

एकोणीसच्या ऑगस्टात पंचगंगा गल्लीत शिरली.
अर्धवट गणपती पाटावरच विरघळले,
पोटमाळ्यापर्यंत गढूळ रेघ.
मी गेलो तेव्हा इलाही गच्चीत
चादरीवर कॅसेटी वाळवत बसला होता,
कुरडया घालाव्यात तशा.
आता कुठलीच्याच अंगावर लेबल नव्हतं.
मी कोपऱ्यावरच्या खाचेवरनं ओळखली.
"ती व्हय? घेऊन जा," म्हणाला.
रुपया दिला तर हसला. पण घेतला.

घरी जुन्या टीव्हीला लावली.
करडा पडदा. आडव्या रेघा.
काढून फुंकर मारली तर
आतून शाडू उडाला, लेक शिंकली.
परत लावली. रेघाच.

"ह्यात काय होतं, बाबा?"
मी तिला खुणा सांगितल्या,
तिनं तळहातावर पेननं काढून घेतल्या,
शिंपला जमेना, तर बोरच काढलं.
"मग?"
मग पाणी चढतं, म्हटलं.
"मग?"

तांबडं बटण सोडायचं नाही.