निरंक

पीटरहेडच्या ठाण्यात, वरच्या मजल्यावर
हीटर बिघडलेल्या खोलीत आम्ही अकराजण.
खिडकीच्या काचेवर समुद्राचं मीठ.
शिकवायला आलेली मॉर्वेन रेबर्न
पहाटेच्या बसनं आली होती, बूट अजून ओले.
फळ्यावर तिनं काहीच लिहिलं नाही.
म्हणाली, एखादं स्वयंपाकघर आठवा,
जिथून तुम्ही काही न करता परतलात.

मला शोधावं लागलं नाही.
बंदरामागची गल्ली, दुसरा मजला, ऱ्होना मिल्न.
तीनदा गेलो होतो.
दोनदा शेजाऱ्यांच्या फोनवरून,
तिसऱ्यांदा तिनंच केला होता,
आणि दार उघडून म्हणाली, चुकून लागला.

तिन्ही वेळा मी लिहिलं :
वाद, शाब्दिक. इजा : निरंक.
किती स्वच्छ शब्द.
पुसलेल्या ओट्यासारखा.

ओटा खरंच पुसलेला होता.
फ्रिजला लटकवलेली वही, दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल.
गाडीचे मैल, सकाळचे आणि संध्याकाळचे.
शाळा चार. दुकान दोन. बाकी शून्य.
एका ओळीत बाकी तीन उरली होती,
तिच्याभोवती लाल गोल,
पुढे बारीक अक्षरात : आईकडे वळले. चुकलं.

मी ती वही पाहिली.
पाहिली म्हणजे वाचली,
आणि मनात म्हणालो, माणूस हिशेबी आहे.
डुगल्डनं चहा दिला. मासळीच्या कारखान्यात फोरमन,
आवाज कधी चढला नाही त्याचा.
मी तिला विचारलं, बऱ्या आहात ना?
तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं.
मग ती बरी होती.

दुपारी मॉर्वेननं खुर्च्या बाजूला सरकवल्या.
मी नवरा. जाडजूड मर्डोक बायको.
शोना पिरी, नोकरीत सात महिने, पोलीस.
माझ्या चिठ्ठीत एकच ओळ :
आवाज न चढवता त्यांना परत पाठव.

दुसऱ्यांदा वाचावी लागली नाही.
या ना आत. बाहेर काय गारठा आहे.
जरा दमलीय ती. हल्ली गोष्टी विसरते.
तुम्हाला मात्र उगाच खेप पडली.
आणि हात मर्डोकच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.
हे चिठ्ठीत नव्हतं.

सगळे हसले.
मग एकेक करून थांबले.

शोना माझ्याकडे बघतच नव्हती.
गुडघ्यावर बसून मर्डोकला म्हणाली,
चल, जिन्यात उभ्या राहू जरा. तुझा कोट कुठाय?

एवढंच.
आणि मला राग आला.
नाटकातला नाही, कानशिलं तापवणारा.
तोंडून गेलं : आधी मला विचारायचं.

कुणी काही बोललं नाही.
बिघडलेला हीटर तेवढा टिकटिकत होता.
मॉर्वेननं नवा फॉर्म वाटला.
त्यात इजेचा रकाना शेवटी,
वर अर्धं पान कोरं, आणि एक प्रश्न :
या घरात परवानगी कोण कुणाकडे मागतं?

एकोणीस वर्षं नोकरी झाली माझी.
ऱ्होनाच्या खिडकीला आता पिवळे पडदे, दुसऱ्या कुणाचे.
ती गेली, की तिला नेलं, की कुठे आहे,
आमच्याकडे नोंद नाही.
नोंद आहे ती फक्त माझी. तीनदा. सहीसकट.

संध्याकाळी गाडीत बसलो, किल्ली न फिरवता.
एल्साचा मेसेज होता : उशीर होईल, वाट बघू नकोस.
मी लिहिलं, किती? पुसलं.
लिहिलं, कुणाबरोबर? पुसलं.
डॅशबोर्डवर मैलांचे आकडे उजळले होते,
त्यांच्याकडे बघायचं टाळलं.
शेवटी नुसतं 'बरं' पाठवलं,
आणि तो एवढासा शब्द
तिला कुठल्या आवाजात ऐकू जाईल,
या विचारात
काचेवर मीठ साचेपर्यंत बसून राहिलो.