चार बोटं माया

बाप शिंपी. मापापेक्षा
चार बोटं कापड जास्तीचं घ्यायचा,
आत दुमडून वरून टीप मारायचा.
ह्याला माया म्हणतात, सांगायचा.
लेकराच्या कपड्यात माया नाही ठेवली
तर तो शिंपी कसला, नुसता कातरवाला.

तो गेला त्या जूनमध्ये
मायनं माझ्या स्कर्टची पहिली टीप उसवली.
वरचा निळा उन्हानं उडालेला,
खालचा निळा अजून दुकानातला.
गुडघ्याखाली दोन बोटांचा गडद पट्टा,
चालताना मलाच दिसायचा.
वर्गात कुणी काही विचारलं नाही.
सेलूत कुणाला काय विचारायचं राहिलं होतं?

प्रल्हाद तेवढा सांगत फिरायचा,
आमचे पप्पा सुरतेला असतेत, मोठ्या कारखान्यात.
मायनं पढवलेलं.
सुरतेला जायला आम्ही पहाटेची पॅसेंजर धरायचो.
परतूर, जालना, बदनापूर,
मग रिक्षानं हर्सूल,
आणि सुरतेच्या उंच भिंतीला लागून रांग.
आधार कार्ड. अंगठा. पिशवी उलटी.
धपाट्यांचा डबा शिपायानं परत दिला,
घरचं चालत नाही.
आम्ही ते लिंबाखाली बसून खाल्ले.
प्रल्हाद म्हणाला, सुरतेत लई कडक हाय.

काचेपलीकडं बाप, हातात फोन. वीस मिनिटं.
आधी तो बोलायचाच नाही.
नुसती नजर फिरवायचा,
खांदा, बाही, उंची. ओठ हलायचे,
जसे पाटीवर खडूनं आकडे टाकताना हलायचे.
मग म्हणायचा,
पऱ्या दोन बोटं वाढला.
माय, तुझ्या बाह्या आखूड झाल्यात गं.
मी माय. पोरीला तो मायच म्हणतो.
आणि तिकडं आईकडं बघून,
सोड अजून थोडी.
ती म्हणायची, हां.

मशीन विकल्याचं,
शटरवर आता मोबाईल रिचार्जची पाटी असल्याचं,
घरमालकाचं
त्या वीस मिनिटांत कधी बसलंच नाही.
मशीनचा पट्टा तेवढा मागं राहिलाय,
प्रल्हाद चड्डीला बांधतो.
कात्री कोर्टात.
लाखेचं सील, दोऱ्याला चिठ्ठी,
मुद्देमाल क्रमांक तीन.
माय आता कापड विळीवर फाडते.

इथवर सांगताना मी शेषेरावकाकांचं नाव घेतलं नाही.
घ्यायला पायजे.
साडेसातशे रुपये उधारी,
दुकानाची पायरी, भर दुपार.
त्यांची मुक्ता माझ्याच वर्गात,
तिसऱ्या बाकावर.
आम्ही एका डब्यात जेवायचो,
तिच्याकडं लोणचं, माझ्याकडं भाकर.
तिच्या बापाला भेटायला
कुठलीच पॅसेंजर जात नाही.
पिशवी उलटी करून बघणारंसुद्धा कुणी नाही.

यंदा प्रार्थनेला ती पुढच्या ओळीत उभी होती.
खाली मान घालून मी तिचे पाय बघत होते
आणि दिसला
गुडघ्याखाली गडद पट्टा.
चार बोटं, मोजून.
तिचाही स्कर्ट बापाच्याच हातचा,
हे मी कसं विसरले?
कापड घ्यायला शेषेरावकाका स्वतः आले होते,
चहा पिऊन गेले होते.
तिच्या आईनंही एखाद्या रात्री
ती टीप उसवली असेल.
एक एक टाका. ब्लेडनं.
बापाची टीप दाताला तुटत नाही.

ह्या खेपेला त्यानं विचारलं,
माझ्या हातचं अजून कोण घालतंय गावात?
मी म्हणाले, मुक्ता.

फोन कानाला तसाच.
मागं कुणीतरी दुसऱ्या काचेवर बाळ टेकवून धरलं होतं.
मग त्यानं विचारलं,
किती सोडली?
म्हणलं, सगळी.

त्यानं फोन हळूच खुंटीला लावला.
अजून सहा मिनिटं बाकी होती.
माय भाड्याचं बोलू शकली असती.